पुढे जायचं, तर मागचं उचला!

दोस्तांनो, पावसाळा लागला की आपल्या घरी एक पाहुणा हमखास येतो. त्याला आमंत्रण लागत नाही. डब्यात राहून गेलेला पावाचा तुकडा, कपाटातला चामड्याचा पट्टा, ओला हात लागलेली लोणच्याची बरणी, कुठेही तो येऊन बसतो. आई ओरडते, "अगंबाई, याला बुरा आला की! टाक आधी ते." आणि पाव कचऱ्याच्या डब्यात जातो.

टाकायलाच हवा. पण त्याआधी क्षणभर, लांबूनच हं, त्याच्याकडे नीट बघा. काल वाटाण्याएवढा ठिपका होता, आज तो रुपयाच्या नाण्याएवढा झालाय. या बुरशीला ना पाय, ना डोळे, ना मेंदू. तरीही तिची कड सगळ्या बाजूंनी पुढे पुढेच सरकते. मध्येच फुगून तिचा गोळा होत नाही. हे तिला कसं जमतं?

प्रश्न साधा वाटतो ना? पण या प्रश्नाने शास्त्रज्ञांना शंभराहून जास्त वर्षं कामाला लावलं. उत्तरातला एक महत्त्वाचा दुवा हाती लागला तो २००३ ते २०१० या काळात. तोच आज आपण समजून घेऊ या.

केसाच्या अगदी उलट

बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर काय दिसतं? कापूस पिंजून टाकावा तसे असंख्य दोरे! या दोऱ्यांना म्हणतात कवकतंतू. दोऱ्यांना फांद्या फुटतात, फांद्यांना आणखी फांद्या फुटतात आणि सगळ्यांचं मिळून एक जाळं तयार होतं. ते कवकजाल. पावसाळ्यात उगवणारी कुत्र्याची छत्री असते ना, तीसुद्धा अशाच तंतूंची घट्ट बांधलेली मोळी असते.

हे तंतू असतात फार बारीक. बऱ्याच बुरशींचा तंतू ३ मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे वीसेक तंतू शेजारी शेजारी सहज मावतील.

केसावरून आठवलं. तुमचा केस कुठून वाढतो? मुळापासून. म्हणजे केसाचं टोक हा त्याचा सगळ्यात जुना भाग. न्हाव्याने टोक कापलं तरी केस वाढतच राहतो, कारण वाढ खाली चाललेली असते. बुरशीच्या तंतूचं याच्या अगदी उलट असतं. त्याचं टोक हा सगळ्यात नवा भाग! तंतू लांब होतो तो फक्त टोकापाशी. मागची नळी जागच्या जागी राहते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ राइनहार्ट यांनी १८९२ मध्येच हे नोंदवून ठेवलं होतं.

अंगावर येणारं गजकर्ण आठवा. तीही बुरशीच. मधली कातडी बरी झाल्यासारखी दिसते आणि लाल कड बाहेर बाहेर सरकत राहते. का? तर वाढणारी टोकं कडेला असतात!

गवंडी हवेत फक्त टोकाला

आता तंतूच्या आत शिरू या. तंतूच्या बाहेरच्या अंगाला असते पेशीभित्तिका, म्हणजे पेशीची भिंत. ती कायटिन आणि ग्लुकन या पदार्थांची बनलेली असते. कायटिन तुमच्या ओळखीचं आहे बरं का! कोळंबी सोलताना जे कवच हाताला लागतं, त्यातही कायटिनच असतं. या भिंतीच्या आतल्या बाजूला एक पातळ पडदा असतो. ते पेशीपटल. आणि त्याच्या आत पाणीदार द्रव खच्चून भरलेला.

खच्चून म्हणजे किती? न्यूरोस्पोरा नावाच्या नारिंगी बुरशीच्या तंतूत हा दाब सुमारे ४ ते ५ वातावरणांइतका मोजला गेला आहे. मोटारीच्या टायरमध्ये आपण हवा भरतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट! इतका दाब आत असताना भिंत सगळीकडे सारखी मऊ राहिली, तर तंतूचा फुगा होईल. आणि भिंत सगळीकडे सारखी कडक झाली, तर वाढच थांबेल. म्हणून तंतू एक युक्ती करतो. भिंत टोकाला मऊ आणि नवी, मागे कडक आणि जुनी. आतला दाब टोकाला पुढे ढकलतो आणि तिथे लगेच नवी भिंत घातली जाते.

भिंत घालणारे गवंडी कोण? ती असतात विकरं, म्हणजे एन्झाइम्स. त्यांतली काही महत्त्वाची विकरं पेशीपटलातच रुतून बसलेली असतात आणि तिथून बाहेरच्या बाजूला कायटिनचे धागे विणतात. आता अट लक्षात आली? हे गवंडी टोकालाच हवेत. बाजूला पांगले, तर तिथेही भिंत घालत बसतील. मग तंतू जाड होईल, वेडावाकडा होईल, पण पुढे जाणार नाही.

हमालांची फौज

गवंडी टोकापर्यंत पोचतात कसे? पेशीत बुडबुड्यांसारख्या इवल्या थैल्या असतात. त्यांना पुटिका म्हणतात. नवी विकरं आणि नवं पटल या थैल्यांत भरून पुढे पाठवलं जातं. तंतूच्या आत प्रथिनांच्या लांबच लांब नळ्या रुळांसारख्या पसरलेल्या असतात. त्यांवरून कायनेसिन नावाची प्रथिनं पुटिका ओढत नेतात, अगदी हमाल डोक्यावर पोती घेऊन चालतात तशी! टोकाशी पोचल्यावर पुटिका पटलात मिसळून जाते आणि आतला माल बाहेर रिता होतो.

किती पुटिका लागत असतील? कॉलिंज आणि ट्रिंची या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये न्यूरोस्पोराच्या तंतूसाठी हिशेब मांडला. आकडा आला मिनिटाला सुमारे ३८ हजार! म्हणजे तुम्ही "एक" म्हणेपर्यंत सहाशेच्या वर पुटिका टोकाला जाऊन मिसळल्या. आणि हे फक्त एका तंतूच्या टोकाला, बरं का!

बऱ्याच बुरशींमध्ये टोकाच्या आत या पुटिकांचा एक गर्द पुंजका दिसतो. ब्रुन्सविक यांनी १९२४ मध्ये रंग देऊन तो पाहिला. त्याला जर्मन भाषेत नाव पडलं श्पिट्सेनक्योर्पर, म्हणजे टोकावरचा गोळा. उच्चारताना जीभ वळत नाही ना? आमचीही वळली नव्हती! पुढे १९५७ मध्ये गिरबार्ट यांनी जिवंत तंतूत त्याचं निरीक्षण केलं. तंतू वाढतोय तोवर गोळा टोकाला असतो, वाढ थांबली की दिसेनासा होतो. तंतू वळणार असेल, तर आधी गोळा त्या बाजूला सरकतो आणि मग तंतू वळतो. जणू बैलगाडीच्या पुढे बसलेला गाडीवानच!

झालं तर मग! माल पुढे पाठवा, टोकाला रिता करा, तंतू वाढेल. बराच काळ सगळा भर याच गोष्टीवर होता. पण यात एक अडचण राहून जाते. तुमच्या लक्षात आली का?

तीन विटांचा खेळ

अडचण अशी. गवंडी टोकाच्या पटलात रुतून बसला. त्याने भिंत घातली. त्या भिंतीमुळे टोक पुढे गेलं. म्हणजे मघा जे टोक होतं, ती आता तंतूची बाजू झाली. आणि आपला गवंडी? तो बसलाय तिथेच, मागे! थोड्या वेळाने बघावं तर टोकावरचे सगळे गवंडी तंतूच्या दोन्ही बाजूंना पांगलेले.

आता एक खेळ आठवा. अंगणात चिखल झालाय. पाय न भरवता फाटकापर्यंत जायचंय आणि हाताशी विटा आहेत फक्त तीन. काय कराल? दोन विटांवर उभं राहायचं, तिसरी पुढे टाकायची. तिच्यावर पाय ठेवायचा आणि लगेच मागे वाकून मोकळी झालेली वीट उचलायची. ती पुढे टाकायची. पुन्हा मागची उचलायची. तीन विटांवर आख्खं अंगण पार! पण जो मागची वीट उचलायला विसरतो, तो तिसऱ्या पावलाला चिखलात.

बुरशीचा तंतू हाच खेळ खेळतो! टोकापासून जेमतेम एक-दोन मायक्रॉन मागे, शर्टाच्या कॉलरसारखं एक कडं असतं. या कड्यात पटल ठिकठिकाणी आत खेचलं जातं. आधी खळगा पडतो, मग खळग्याची थैली होते, थैलीचं तोंड आवळलं जातं आणि ती पटलापासून सुटून आत येते. आत खेचण्याचं बळ ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक धाग्यांतून मिळतं. मागे राहू पाहणारे गवंडी या थैलीतून आत येतात. पेशीच्या आत त्यांची वर्गवारी होते आणि कामाचे गवंडी पुन्हा नव्या पुटिकेत बसून टोकाकडे रवाना होतात.

पटलाचा तुकडा आत ओढून घेण्याच्या या क्रियेला पेशीय भक्षण किंवा एंडोसायटोसिस म्हणतात. अमिबा अन्नाचा कण गिळतो तोही याच क्रियेच्या एका प्रकाराने. बुरशीचा तंतू मात्र तिचा उपयोग आपलेच कामगार परत बोलवायला करतो.

आमच्या विटांच्या उदाहरणात एक फरक आहे, तोही सांगून टाकतो. खेळात विटा तीनच असतात. तंतूत मात्र नवा मालही सतत येत असतो, आणि घातलेली भिंत कुणी उचलत नाही. भिंत मागे राहते, गवंडी तेवढा पुढे जातो.

बुरशी असं करतेच कुठे?

गंमत म्हणजे, दोऱ्यासारख्या वाढणाऱ्या बुरशी एंडोसायटोसिस करतात की नाही, यावरच बराच काळ वाद होता. यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवणाऱ्या एकपेशीय बुरशीत, ही क्रिया होते हे ठाऊक होतं. पण तंतूंत पुरावा पुरेसा नव्हता. २००३ मध्ये रीड आणि काल्कमन यांनी लिहिलेल्या लेखाचं शीर्षकच मुळी "कवकतंतूंत एंडोसायटोसिस होतं का?" असं प्रश्नार्थक होतं.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये वाल्डेस-ताउबास आणि पेलहॅम यांनी यीस्टवर एक महत्त्वाचं काम प्रसिद्ध केलं. त्यांना दिसलं की यीस्टच्या पटलात प्रथिनं फार हळू पसरतात. एका टोकाला सोडलेलं प्रथिन पांगण्याआधीच परत उचललं, तर ते एका टोकाला टिकून राहतं. उचललं नाही, तर हळूहळू सगळीकडे पसरतं. विटांच्या खेळाचा नियम इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसला.

मग तंतूंची पाळी आली. शास्त्रज्ञांनी एक रंग वापरला. हा रंग पाण्यात असताना जवळजवळ चमकत नाही, पटलात शिरला की लाल चमकतो. तंतू या रंगात ठेवला की आधी बाहेरचं पटल चमकतं आणि मग थोड्या वेळाने पेशीच्या आतही लाल ठिपके दिसू लागतात. म्हणजे पटल आत ओढलं गेलं! दुसरी युक्ती होती जेलीफिशकडून उसनी घेतलेली. जेलीफिशमध्ये हिरवं चमकणारं एक प्रथिन असतं. ते बुरशीच्या हव्या त्या प्रथिनाला जोडलं की सूक्ष्मदर्शकाखाली ते प्रथिन कुठे आहे हे जिवंत पेशीत दिसतं. या हिरव्या प्रथिनाच्या कामाला २००८ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

योगायोग बघा, त्याच २००८ मध्ये स्पेन आणि अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या गटांनी ॲस्परजिलस निड्युलन्स नावाच्या बुरशीवरचं काम प्रसिद्ध केलं. माद्रिदमध्ये पेन्याल्वा आणि एस्पेसो, टेक्सासमध्ये शॉ, ओहायोत ओक्ली. तिघांच्याही चित्रांत टोकाच्या जरासं मागे चमकणाऱ्या ठिपक्यांचं तेच कडं होतं! माल रिता करण्याची जागा टोकाला आणि परत उचलण्याची जागा तिच्या अगदी मागे.

उचलणंच बंद केलं तर?

पण कडं दिसलं म्हणजे ते गरजेचं आहे, असं थोडंच सिद्ध होतं? घड्याळातलं एखादं चाक कशाला आहे हे कळायचं, तर ते काढून बघावं लागतं. शास्त्रज्ञांनी तेच केलं.

शॉ यांच्या गटाने फिम्ब्रिन हे प्रथिन काढून टाकलं. हे प्रथिन ॲक्टिनच्या धाग्यांच्या जुड्या बांधतं. ते नसताना एंडोसायटोसिस मंदावलं आणि तंतूचा आकार बिघडला. २०१० मध्ये एर्वास-आगिलार आणि पेन्याल्वा यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी एंडोसायटोसिसला लागणारं स्लाबी नावाचं प्रथिन काढलं आणि बीजाणू रुजत घातले. बीजाणू आधी गोल फुगला. नेहमी असंच होतं. मग त्याने एक बाजू निवडली. त्या बाजूने अंकुर फुटू लागला. इथपर्यंत ठीक! पण पुढे नळी वाढेचना. काम ठप्प.

याचा अर्थ काय, ते नीट समजून घ्या. दिशा ठरवायला त्या प्रथिनाची गरज नव्हती. ठरवलेली दिशा टिकवायला मात्र होती. पहिल्या काही विटा टाकता आल्या, पण मागची उचलता येईना, म्हणून खेळ तिथेच संपला. बुरशी पुढे जाते ती जितकं पुढे पाठवते तेवढ्यावर नाही, वेळेवर किती परत आणते यावरही!

आपल्याला काय त्याचं?

पालक मंडळींनाही हा प्रश्न पडला असेल. तर २०२१ चं साल आठवा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या आजाराने महाराष्ट्रासह देशभर थैमान घातलं. लोक त्याला काळी बुरशी म्हणू लागले. खरं तर ही बुरशी काळी नसते, तिने मारलेला शरीराचा भाग काळा पडतो. ती ऱ्हायझोपससारख्या बुरशींमुळे होते, आणि पावावर येणारी एक नेहमीची बुरशी याच कुळातली आहे. घाबरू नका! निरोगी माणसाला ती सहसा काही करू शकत नाही. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा प्रतिकारशक्ती खालावली असेल, तर मात्र तिचे तंतू शरीरात घुसतात, रक्तवाहिन्यांत शिरतात. त्या वेळी ॲम्फोटेरिसिन बी या औषधासाठी लोकांना किती वणवण करावी लागली, ते अनेक घरांनी अनुभवलं आहे. हे औषध १९५० च्या दशकात सापडलेलं. बुरशीवरची औषधं अजूनही मोजकीच आहेत.

का बरं मोजकी? कारण बुरशी ही नात्याने झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहे! तिच्या पेशीची आतली व्यवस्था आपल्या पेशींसारखीच. बुरशीला मारायला जावं, तर घाव आपल्यावरही बसतो. म्हणून जे फक्त तिच्याकडे आहे, ते शोधावं लागतं. उदाहरणार्थ, तिची भिंत. कॅस्पोफंजिन हे औषध ग्लुकनची भिंत घालणाऱ्या विकराला अडवतं. ते फुप्फुसात वाढणाऱ्या ॲस्परजिलस फ्युमिगेटस बुरशीवर टाकून पाहिलं, तेव्हा नेमक्या वाढत्या टोकाच्या आणि फांद्या फुटण्याच्या जागच्या पेशी मेल्या, असं २००२ मध्ये दिसलं. टोक हाच बुरशीचा नाजूक भाग!

मग तिची परतीची वाटच अडवता येईल का? कल्पना छान आहे, पण सोपी नाही. एंडोसायटोसिस आपल्याही पेशी करतात. रक्तातलं कोलेस्टेरॉल आपल्या पेशी अशाच आत घेतात, आणि ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. तेव्हा बुरशीच्या यंत्रात आपल्यापेक्षा वेगळा असा एखादा खिळा शोधावा लागेल. तो शोधायला माणसं हवीत. कुणी सांगावं, आज हा लेख वाचणारंच कुणी उद्या ते काम करील!

करून पाहा

साहित्य: पावाचा एक तुकडा, पाण्याचे ५-६ थेंब, पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी, चिकटपट्टी, स्केचपेन, भिंग.

पावावर पाणी शिंपडा. तो तासभर उघडा ठेवा. मग पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीने पक्कं बंद करा आणि पिशवी उबदार, सावलीच्या जागी ठेवा. तीन-चार दिवसांत ठिपके दिसू लागतील. काही पावांत बुरशी रोखणारं द्रव्य असतं, तेव्हा थोडा जास्त धीर धरा. ठिपका दिसला की पिशवीवर बाहेरून त्याची कड स्केचपेनने काढा. रोज सकाळ-संध्याकाळ नवी कड काढा, शेजारी तारीख-वेळ लिहा. वर्तुळाबाहेर वर्तुळ उमटत जाईल. भिंगातून कडेचे दोरे पाहा. तीच वाढणारी टोकं!

सूचना: पिशवी अजिबात उघडायची नाही आणि वास घ्यायचा नाही. घरात कुणाला दमा असेल, तर हा प्रयोग करू नका. आठवड्याने पिशवी न उघडता मोठ्यांच्या हातून टाकून द्या.

आणि हो, पुढच्या वेळी आई "बुरा आला, टाक" म्हणाली की मुकाट्याने टाका. पण टाकता टाकता तिला तीन विटांची गोष्ट जरूर सांगा. ऐकून तीही क्षणभर त्या पावाकडे बघत राहील!